अंधारात मागे राहणारा उजेड: बोरिक काच आणि पीव्हीए फिल्म, कामाच्या नोंदी

दिवा बंद केल्यावरही काही सेकंद चमकत राहणारा सेंद्रिय पदार्थ घरच्या छोट्या प्रयोगशाळेत करता येतो का, हे बघायचं होतं. त्यात कुठलाही दुर्मिळ धातू नको आणि द्रव नायट्रोजनही नको; साध्या खोलीच्या तापमानाला तो चमकला पाहिजे. रात्रभर चमकणाऱ्या स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटच्या रंगाशी याची बरोबरी नाही. तो रंग अजैविक, त्याचं काम वेगळ्या तऱ्हेने चालतं. इथे एक सेंद्रिय रेणू उजेड धरून ठेवतो आणि सावकाश सोडतो, तेच मला डोळ्यांनी पाहायचं होतं. दोन महिन्यांच्या या नोंदींमध्ये चुका तशाच ठेवल्या आहेत, कारण सगळ्यात जास्त वेळ त्यांच्यातच गेला.

४ ऑक्टोबर

सामान जमवलं: बोरिक ॲसिड ५०० ग्रॅम, फ्लुओरेसीन हा चमकणारा सेंद्रिय रंग ५ ग्रॅम (जन्मभर पुरेल), ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च, उष्णतारोधक काचेच्या २० परीक्षानळ्या, हॉटप्लेट, स्पिरिटचा दिवा, मिलिग्रॅम दाखवणारा तराजू. डोळ्यांसाठी अतिनील किरण अडवणारा चष्मा आणि तोंडाला मास्क. बोरिक ॲसिडची धूळ नाकात जाऊ द्यायची नाही. हा पदार्थ प्रजननक्षमतेला घातक ठरू शकतो, म्हणून स्वयंपाकाची भांडी यात अजिबात वापरायची नाहीत.

कामापुरतं तत्त्व एवढंच. प्रकाश खाल्लेला रेणू कधीकधी ट्रिपलेट अवस्थेत, म्हणजे जिथून खाली यायची वाट जवळजवळ बंद असते अशा ऊर्जेच्या पायरीवर, अडकतो. तिथून खाली यायला त्याला वेळ लागतो, आणि त्या वेळात तो थरथरला किंवा त्याला ऑक्सिजन भेटला तर उजेडाची उष्णता होऊन जाते. म्हणून त्याला घट्ट काचेत गाडायचं. फ्लुओरेसीन बोरिक ॲसिडच्या काचेत गाडायची युक्ती जुनी आहे. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट लुइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४१ साली याच मिश्रणावर काम केलं, आणि १९४४ मध्ये लुइस आणि मायकेल काशा यांनी असा रेंगाळणारा उजेड ट्रिपलेट अवस्थेतून येतो हे मांडलं.

५ ऑक्टोबर

१० ग्रॅम बोरिक ॲसिड, ५० मिलिग्रॅम फ्लुओरेसीन, खलात घोटून नळीत. सरळ ज्योतीवर धरलं. दोन मिनिटांत फेस नळीच्या तोंडापर्यंत चढला आणि बाहेर सांडला. कारण साधं आहे: तापल्यावर बोरिक ॲसिड पाणी सोडतं. पूर्ण ऑक्साइड होईपर्यंत वजनाचा ४३ टक्क्यांहून जास्त भाग वाफ होऊन जातो, आणि त्या वाफेला वाट मिळाली नाही की फेस येतो. उरलेलं तांबूस तपकिरी झालं. अंधारात काहीही नाही.

दुसरी नळी सावकाश तापवली. फेस आवरला, काच लालसर झाली, टॉर्चखाली मंद पिवळट दिसली. टॉर्च बंद केल्यावर पुन्हा अंधार.

७ ऑक्टोबर

चूक प्रमाणात होती. रेणू एकमेकांना खेटून बसले की मिळालेली ऊर्जा आपापसातच वाया घालवतात. आता १० मिलिग्रॅम फ्लुओरेसीन १० मिलिलिटर अल्कोहोलमध्ये विरघळवलं, त्यातलं १ मिलिलिटर ५ ग्रॅम बोरिक ॲसिडवर टाकलं. म्हणजे ५ ग्रॅमला १ मिलिग्रॅम. एवढं कमी तराजूवर नीट मोजता येत नाही, द्रावणातून घेतलं की येतं.

इथे एक धोक्याची गोष्ट झाली. अल्कोहोल पुरतं उडायच्या आत मी नळी स्पिरिटच्या दिव्याजवळ नेली, आणि तोंडाशी हिरव्या कडेची ज्योत भपकन पेटली. बोरिक ॲसिड आणि अल्कोहोल यांचं बोरेट तयार होतं, ते हिरवं जळतं. इजा झाली नाही, पण त्यानंतर मिश्रण उघड्या ताटलीत रात्रभर वाळवल्याशिवाय आगीजवळ नेलं नाही, आणि वितळवणंही हॉटप्लेटवर वाळूच्या थरात नळी रोवूनच केलं.

वाळूचं तापमान २०० ते २४० अंशांत ठेवलं. चाळीस मिनिटांनी फेस संपला आणि तळाशी लिंबाच्या रसासारखी फिकी पिवळी, पारदर्शक काच उरली. खोली बंद केली, पडदे ओढले, दहा मिनिटं अंधारात बसले. टॉर्च लावला तर नळीचा तळ निळसर हिरवा पेटला. टॉर्च बंद केला.

उजेड तिथेच होता. आधी निळसर हिरवा, मग पिवळट होत, कडांकडून मध्याकडे विझत गेला. पाचेक सेकंद. मी एकटीच होते, तरी मोठ्याने "आहे!" म्हणाले.

नळी गरम असताना उजेड जास्त निळसर असतो आणि लवकर विझतो. गार झाल्यावर पिवळेपणा वाढतो आणि जास्त टिकतो. उष्णतेच्या धक्क्याने काही रेणू ट्रिपलेटमधून पुन्हा वरच्या अवस्थेत चढतात आणि तिथून नेहमीच्या रंगात चमकतात. गार झाल्यावर तो धक्का कमी पडतो. हाच फरक लुइस यांच्या गटाने नोंदवला होता, आणि तो बघायला नळी बर्फाच्या पाण्यात बुडवणं पुरतं.

८ ऑक्टोबर

सकाळी तीन नळ्या तडकलेल्या. ही काच गार होताना नळीपेक्षा जास्त आकसते आणि नळीला चिकटलेली असते, म्हणून नळीसकट फुटते. नळीत काच गार होऊ द्यायचीच नाही. वितळलेला रस ॲल्युमिनियमच्या फॉइलवर पातळ ओतायचा, कवड्यांएवढे तुकडे होतात आणि फॉइल सोलून निघतं. आतापर्यंत सहा नळ्या गेल्या.

९ ते १९ ऑक्टोबर

हे अकरा दिवस एकत्र लिहिते, कारण ते सगळे एकाच चुकीचे आहेत.

यश आल्यावर वेगवेगळे पदार्थ लावून पाहिले: सॅलिसिलिक ॲसिड, सायट्रिक ॲसिड, टेरेफ्थॅलिक ॲसिड, प्रत्येकाची तीन प्रमाणं. सगळे चमकले. सगळे निळे. वहीत मी सरळ लिहिलं, "बोरिक काचेत जवळपास काहीही घातलं तरी चालतं." रंग सगळीकडे एकच येतोय आणि प्रमाण दहापट बदललं तरी उजेड तेवढाच राहतोय, या दोन गोष्टी माझ्या डोळ्यांसमोर होत्या. टेरेफ्थॅलिक ॲसिड तर ३६५ नॅनोमीटरचा प्रकाश जवळजवळ खातच नाही. तेव्हाच थांबायला हवं होतं.

२० ऑक्टोबर

भाची आली होती. तिला सगळ्या काचा ओळीने दाखवत होते. ती शेवटच्या तुकड्यापाशी थांबली.

"मावशी, यात तू काय घातलं होतंस?"

"काही नाही गं, हॉटप्लेट तपासायला नुसतं बोरिक ॲसिड वितळवलं होतं."

"मग हा पण का चमकतोय?"

टॉर्च पुन्हा लावून बंद केला. निळा उजेड, दोन सेकंद. बाकीच्या "यशस्वी" तुकड्यांसारखाच.

कोरा नमुना मी केलाच नव्हता. फ्लुओरेसीन सोडून अकरा दिवसांत जे चमकलं ते बाटलीतलं बोरिक ॲसिड होतं, किंवा नेमकं सांगायचं तर बोरिक ॲसिडमधली घाण होती. ही चूक माझ्याहून मोठ्या लोकांच्या कामातही होऊन गेली आहे. शुद्ध बोरिक ॲसिड स्वतःच खोलीच्या तापमानाला फॉस्फोरेसन्स, म्हणजे हाच रेंगाळणारा उजेड, दाखवतं असा दावा झाला होता. २०२२ मध्ये जर्मनीतल्या व्यूर्ट्सबुर्ग विद्यापीठातल्या टॉड मार्डर यांच्या गटाने दाखवून दिलं की खरोखर शुद्ध बोरिक ॲसिड असं चमकत नाही, चमक अशुद्धीची असते. त्याच्या आदल्या वर्षी सिंगापूरमधल्या बिन लिउ यांच्या गटाने कार्बाझोलबद्दल असंच काहीतरी उघड केलं. या क्षेत्रात कार्बाझोल हा अगदी रोजचा कच्चा माल. विकत मिळणाऱ्या कार्बाझोलमध्ये त्याचाच एक समघटक (तेच अणू, फक्त जोडणी वेगळी) अर्ध्या टक्क्याहूनही कमी प्रमाणात मिसळलेला होता, आणि अतिदीर्घ चमकेचं बरंचसं श्रेय त्या पाहुण्याचं होतं. प्रयोगशाळेत स्वच्छ बनवलेल्या कार्बाझोलपासून तेच पदार्थ केले तर ती चमक गेली.

हे वाचून मला धीर आला असं नाही, पण काम कुठून सुरू करायचं ते कळलं. आजपासून प्रत्येक खेपेला एक कोरा नमुना: त्याच बाटलीतलं, त्याच तापमानाला, त्याच नळीच्या जातीत, फक्त रंग नाही.

२२ ते २६ ऑक्टोबर

बोरिक ॲसिड पाण्यातून पुन्हा स्फटिक करून घेतलं. हे काम सोपं आहे, कारण उकळत्या पाण्यात १०० मिलिलिटरला २५ ग्रॅमहून जास्त विरघळतं आणि खोलीच्या तापमानाला जेमतेम ५ ग्रॅम. गरम असतानाच गाळायचं, सावकाश गार होऊ द्यायचं, पापुद्र्यांसारखे चकचकीत स्फटिक तळाशी बसतात. ते थंड पाण्याने धुवायचे. एका खेपेत पाचव्या हिश्श्याहून जास्त माल पाण्यात जातो. तीन खेपा केल्या, ३०० ग्रॅमचे १४० ग्रॅम उरले.

पहिल्या खेपेनंतर कोऱ्या नमुन्याची चमक जवळपास तेवढीच. मग लक्षात आलं की नळ्या मी भांड्याच्या साबणाने धूत होते. साबणाचा अंश तापला की त्याचे कार्बनी कण होतात आणि बोरिक काचेत तेही चमकतात. पुढच्या दोन खेपांना नळ्या शुद्ध पाण्याने पाच वेळा खंगाळल्या आणि ओव्हनमध्ये वाळवल्या. तिसऱ्या खेपेनंतर कोरी काच अंधारात जेमतेम एक झलक दाखवते, तीही वीस मिनिटं अंधारात बसल्यावर. पूर्ण गेली नाही. माझ्या साधनांनी यापुढे जाता आलं नाही, तिथेच थांबले.

शुद्ध केलेल्या बोरिक ॲसिडमध्ये जुनी मालिका पुन्हा: सॅलिसिलिक, सायट्रिक, टेरेफ्थॅलिक, तिन्ही ३६५ खाली कोऱ्या नमुन्याइतकेच. फ्लुओरेसीन मात्र पूर्वीसारखंच तेजस्वी. निदान ते तरी खरं होतं.

२९ ऑक्टोबर

पहिले सुंदर तुकडे उघड्या बशीत ठेवले होते. वरून पांढुरके, हात लावला तर भुकटी बोटाला लागते. हवेतलं पाणी पिऊन काच पुन्हा बोरिक ॲसिड होऊ लागली आहे, आणि त्या थरात रेणूची पकड ढिली पडते. एक तुकडा फोडला: आतला गाभा चमकतो, बाहेरची साल मेलेली. पुन्हा वितळवलं तर चमक परत येते, पण फ्लुओरेसीनचा थोडा भाग दर खेपेला जळतो.

उपाय: ओतल्यावर अजून कोमट असतानाच तुकडे घट्ट झाकणाच्या बाटलीत, ओल शोषणाऱ्या निळ्या सिलिका जेलसोबत. जेल गुलाबी झालं की ओव्हनमध्ये वाळवायचं. आठ दिवस झाले, या तुकड्यांत फरक नाही.

३ नोव्हेंबर

"पाच सेकंद चमकतं" या वाक्याला फारसा अर्थ नाही, हे आज मोजल्यावर पटलं. अंधाराला सरावलेला डोळा फार क्षीण उजेडही पकडतो. आयुर्मान (उजेड सुमारे ३७ टक्क्यांवर यायला लागणारा वेळ) अर्धा सेकंद असलेला उजेड पाच सेकंदांनी बावीस हजारांश उरतो, आणि सुरुवात तेजस्वी असेल तर तोही दिसतो. डोळ्याचे सेकंद आणि आयुर्मान एक नव्हे.

फोनवर सेकंदाला २४० चौकटींचं चित्रण केलं. पहिल्या तीन खेपा फुकट: अंधार झाला की फोन आपणहून संवेदनशीलता वाढवतो, त्यामुळे आलेखात उजेड मध्येच वाढलेला दिसत होता. एक्स्पोजर आणि आयएसओ हाताने बांधून ठेवल्यावर उतार सरळ आला. तरीही फोनचे आकडे उजेडाच्या सरळ प्रमाणात नसतात. म्हणून एक बारीक एलईडी एक, दोन, तीन मीटरवर ठेवून त्याचं चित्रण केलं. अंतराच्या वर्गाने उजेड किती कमी व्हायला हवा ते माहीत असतं, त्यावरून तक्ता बांधला. पहिल्या सेकंदाच्या उतारावरून माझ्या फ्लुओरेसीन काचेचं आयुर्मान अर्ध्या सेकंदाच्या आसपास. पुढचा उतार मंदावतो, म्हणजे सगळे रेणू एकाच घट्टपणाने बसलेले नाहीत.

८ नोव्हेंबर

काच ठिसूळ आणि पाण्याला भित्री. आता वाकणारी फिल्म हवी. पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, म्हणजे पीव्हीए हे पाण्यात विरघळणारं प्लास्टिक घेतलं. कोरडं असताना ते ऑक्सिजनला फारसं आत येऊ देत नाही, आणि त्याच्या साखळीवरचे हायड्रॉक्सिल गट पाहुण्या रेणूला धरून ठेवतात. पाहुणा म्हणून ४-बायफिनाइलबोरॉनिक ॲसिड: त्याचा बोरॉन पीव्हीएच्या हायड्रॉक्सिलशी खरा बंध करतो, म्हणजे रेणू साखळीला शिवून टाकल्यासारखा होतो.

गरम पाण्यात पीव्हीए ओतलं, त्याच्या गाठी झाल्या, बाहेरून चिकट आणि आत कोरड्या. तीन तास ढवळून सुटल्या नाहीत. टाकून दिलं. थंड पाण्यात ढवळत ढवळत चिमटीने भुरभुरायचं, मग ९० अंशांपर्यंत न्यायचं. दीड तासात ५ टक्क्यांचं द्रावण आरशासारखं झालं.

११ नोव्हेंबर

बोरॉनिक ॲसिड पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून थोडा अमोनिया. इथवर ठीक. पण घट्टपणा वाढेल म्हणून मी त्यात बोरिक ॲसिडही टाकलं. अमोनियामुळे द्रावण अल्कधर्मी होतं, बोरेटने पीव्हीएच्या साखळ्या एकमेकींना बांधल्या, आणि काठीभोवती सगळं रबरासारखं गोळा झालं. २०० मिलिलिटर गेलं. दोन्ही बोरॉन एका भांड्यात नकोत.

१२ ते १४ नोव्हेंबर

नुसत्या बोरॉनिक ॲसिडची फिल्म प्लास्टिकच्या पत्र्यावर ओतली, ६५ अंशांवर रात्रभर वाळवली, सोलून काढली. स्वच्छ, लवचिक, एकही बुडबुडा नाही. टॉर्चखाली काही नाही, नंतरही काही नाही. दोन दिवस मी प्रमाणं बदलत बसले.

१५ नोव्हेंबर

दोष फिल्मचा नव्हता. बायफिनाइलचा रेणू लहान आहे, तो ३६५ नॅनोमीटरचा प्रकाश घेतच नाही. टेरेफ्थॅलिक ॲसिडच्या वेळी हेच नडलं होतं, आणि तेव्हा तो धडा मी अर्धाच घेतला. टीएलसी (पातळ थरावर पदार्थ वेगळे करायची चाचणी) बघायचा दिवा उसना आणला, त्यात २५४ नॅनोमीटरचं बटण आहे. फिल्म दिव्याखाली, दिवा बंद, आणि आकाशी उजेड तीन सेकंद स्थिर. कोरी पीव्हीए फिल्म शेजारी: अगदी पुसट झलक, लगेच नाहीशी. फरक स्पष्ट.

२५४ चा प्रकाश डोळ्यांना आणि कातडीला भाजतो. खोका बंद ठेवायचा, दिवा बंद झाल्यावरच उघडायचा. साधी काच हा प्रकाश अडवते, म्हणून फिल्म काचेच्या दोन पट्ट्यांत दाबून ठेवली तर काहीच दिसणार नाही. मी तेही करून पाहिलं. टेरेफ्थॅलिक ॲसिडचे बोरिक तुकडे उघडेच या दिव्याखाली धरले. निळे, तेजस्वी, कोऱ्या तुकड्याहून कितीतरी जास्त. ऑक्टोबरात वहीत लिहिलेली ती ओळ निदान टेरेफ्थॅलिकपुरती या दिव्याखाली खरी निघाली.

१८ ते २२ नोव्हेंबर

दमट दिवस, आर्द्रता ८१ टक्के. टेबलावर राहिलेली फिल्म संध्याकाळी निम्म्याने मंद, दुसऱ्या दिवशी जवळपास विझलेली. पाणी साखळ्यांमध्ये शिरून त्यांना सैल करतं, ऑक्सिजनलाही वाट मिळते. ६५ अंशांवर दोन तास ठेवली, चमक पूर्ण परत आली. सहा वेळा ओली आणि सहा वेळा कोरडी केली, फोनवरच्या आलेखात फरक मोजता आला नाही. बोरिक काचेला हे जमत नाही.

२३ नोव्हेंबर

हिशेब. बोरिक ॲसिड ५०० पैकी ४२० ग्रॅम गेलं, त्यातलं १६० ग्रॅम शुद्ध करतानाच. नळ्या नऊ फुटल्या. दिवस पन्नास, त्यांतले अकरा कोरा नमुना न केल्यामुळे, दोन चुकीच्या दिव्यामुळे, चार पीव्हीएच्या गाठी आणि गोळ्यामुळे. फ्लुओरेसीन मात्र अजून पाच ग्रॅमच आहे.

आज भाचीला बोलावलं. तळहाताएवढी कोरडी फिल्म, बारीक कुंचला, वाटीत शुद्ध पाणी. तिने आपलं नाव पाण्याने लिहिलं, दोन मिनिटं मुरू दिलं, टिपकागदाने वरचं पाणी टिपलं. नुसत्या उजेडात फिल्मवर काहीच दिसत नव्हतं. खोका बंद, दिवा दहा सेकंद, दिवा बंद, झाकण उघडलं. आकाशी चौकोन, आणि त्यात काळी अक्षरं, पाण्याच्या कडा किंचित पसरलेल्या. मग ओव्हनमध्ये दोन तास. पुन्हा खोका उघडला तेव्हा चौकोन अखंड होता, आणि ती लगेच म्हणाली, "मावशी, कोरी फिल्म पण ठेव ना शेजारी."